ठोकळ्यात कार्बन जिरवताना: ब्लॉकच्या कारखान्यात सीओटू क्युरिंग कसं करावं

ओपीसी म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटच्या ५० किलोच्या एका गोणीमागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइड (सीओटू) हवेत गेलेला असतो. त्यातला निम्म्याहून जास्त वायू कोळशाचा नसतो, तो चुनखडीचा असतो. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि चुना उरतो. उद्या भट्टी सौर विजेवर चालवली तरी हा वायू सुटणारच. म्हणून जगाच्या एकूण उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के भरतो.

हीच क्रिया उलटीही चालते. ओल्या चुन्याला कार्बन डायऑक्साइड मिळाला की त्याची पुन्हा चुनखडी होते. जुन्या वाड्यांच्या भिंतींतला चुना असाच वर्षानुवर्षं हवेतून वायू घेत घट्ट झाला. काँक्रीटच्या ठोकळ्याला तोच वायू कोंडून, दाट करून दिला तर वर्षांचं काम काही तासांत होतं आणि वायू दगड होऊन आत बसतो. यालाच सीओटू क्युरिंग म्हणायचं. पुढे ठोकळा फुटला, त्याचा राडारोडा झाला, तरी तो बाहेर येत नाही. आठ-नऊशे अंशांना भाजलं किंवा आम्ल ओतलं तरच सुटतो.

कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. या तंत्राचा मोठा फायदा जिरलेल्या वायूत नाही, वाचलेल्या सिमेंटमध्ये आहे. कॅनडातल्या कार्बनक्युअर कंपनीची पद्धत पाहा. ती रेडीमिक्सच्या (कारखान्यात कालवून ट्रकने साइटवर जाणाऱ्या काँक्रीटच्या) मिक्सरमध्ये द्रवरूप सीओटू सोडते. घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि सिमेंटच्या ०.२ टक्के वायू धरला तर जिरतो फक्त ७०० ग्रॅम. पण त्यामुळे ताकद थोडी वाढते आणि त्या बळावर ५ टक्के सिमेंट कमी केलं तर साडेसतरा किलो सिमेंट, म्हणजे अंदाजे १४ किलो सीओटू वाचतो. जिरवलेल्याच्या वीसपट! ब्लॉकमध्ये वायू बराच जास्त जिरतो, त्यामुळे प्रमाण इतकं टोकाचं राहत नाही. तरीही सिमेंटच्या वजनावरचं लक्ष सुटलं की सगळा खटाटोप फुकट जातो. कसा, ते पुढे हिशेबात येईलच.

हा लेख पॅन मिक्सर आणि व्हायब्रो प्रेस असलेल्या लहान-मध्यम कारखान्यासाठी आहे. स्थापत्यच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठीही तो चालेल.

पायरी १: माल कोणता घ्यायचा

सळई नसलेला. सॉलिड ब्लॉक, हॉलो ब्लॉक, पेव्हर, कर्ब स्टोन. इथे तडजोड नको.

काँक्रीटच्या आतल्या पाण्याचा सामू १२.५ ते १३ असतो आणि त्या क्षारतेमुळे सळईवर संरक्षक थर टिकतो. चुन्याची चुनखडी झाली की सामू ९ च्या खाली येतो, तो थर जातो आणि गंज सुरू होतो. जुन्या इमारतींच्या स्लॅबखाली पोपडे पडून सळई उघडी पडलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यामागे बहुतेक वेळा हेच कार्बोनेशन असतं. आपण तेच मुद्दाम करणार आहोत, म्हणून लोखंड नसलेला माल.

(मग रेडीमिक्समध्ये कसं चालतं? तिथे मात्रा इतकी कमी असते की नंतर सिमेंट जमताना तयार होणारा चुना क्षारता राखून ठेवतो.)

चाचणीसाठी ४०० × २०० × १५० मिमीचा सॉलिड ब्लॉक सोयीचा. वजन साधारण २५ किलो, त्यात १० टक्के सिमेंट धरलं तर अडीच किलो. पुढचे सगळे आकडे याच ठोकळ्याचे आहेत. तुमचं मिश्रण वेगळं असेल तर त्या प्रमाणात बदला.

पायरी २: आजची पाटी कोरी करा

वायू आणण्याआधी सध्याच्या मालाची नोंद हवी: ठोकळ्यामागे सिमेंट किती, १, ७ आणि २८ दिवसांची ताकद किती, शेकडा किती ठोकळे फुटून बाजूला पडतात, क्युरिंगला दिवसाला पाणी किती. बऱ्याच कारखान्यांत सिमेंट 'एका घाण्याला (मिक्सरच्या एका फेरीला) इतक्या गोण्या' असं मोजतात आणि त्या घाण्यातून ठोकळे किती निघाले हे कोणी लिहीत नाही. आठवडाभर लिहा. एवढ्यानेच कुठे सिमेंट जास्त पडतंय ते दिसतं आणि ते वाचवायला सिलिंडर लागत नाही.

तुम्ही अजून निव्वळ ओपीसी वापरत असाल तर आधी पीपीसी (कोळशाची राख मिसळलेलं सिमेंट) किंवा स्लॅग सिमेंटचा (लोखंडाच्या भट्टीचा गाळ मिसळलेल्या) विचार करा. ३० टक्के राखेच्या पीपीसीने ठोकळ्यामागचं उत्सर्जन जितकं उतरतं तितकं वायू जिरवून सहसा उतरत नाही. मात्र दोन्ही एकत्र करताना सावध राहा. राखेला ताकद धरायला पुढच्या आठवड्यांत चुना लागतो आणि तोच चुना आपला वायू आधी खाऊन टाकतो. अशा ठोकळ्याची पहिल्या दिवसाची ताकद झकास दिसते, २८ दिवसांची मात्र अपेक्षेइतकी चढत नाही. पीपीसीवर चाचणी घेतलीत तर २८ दिवस थांबल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

पायरी ३: वायू कुठून आणायचा

वायू पकडलेला हवा. काहीतरी जाळून मुद्दाम तयार केलेला नको, नाहीतर उपक्रमाला अर्थच राहत नाही.

महाराष्ट्रात यासाठी उत्तम जागा म्हणजे साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या. मळी किंवा उसाचा रस आंबवताना साखरेच्या एका रेणूतून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू निघतात. हिशेब केला तर लिटरभर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो वायू सुटतो, तोही जवळजवळ शुद्ध. धुऊन, वाळवून, दाबून तो शीतपेयांना आणि वेल्डिंगला विकणाऱ्या डिस्टिलऱ्या आहेत. हा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असल्यामुळे ठोकळ्यात बसला की तो हवेतून कायमचा कमी झाला असं म्हणता येतं. खत कारखान्यात पकडलेल्या वायूचं तसं नाही. तो मूळचा जमिनीखालचा, त्यामुळे तिथे फक्त 'हवेत जायचा वाचला' एवढंच म्हणता येईल.

पुरवठादाराला दोन प्रश्न विचाराच: वायू नेमक्या कुठल्या प्रक्रियेतून पकडला आणि भरण्याचं ठिकाण किती किलोमीटरवर आहे. दुसऱ्याचं महत्त्व पहिल्याइतकंच. खाद्य दर्जाची शुद्धता आपल्याला लागत नाही, तिचे पैसे मोजू नका.

चाचणीला ३० किलोचा सिलिंडर पुरतो. पुढे नियमित काम करायचं ठरलं तर द्रवरूप वायूची टाकी बसवावी लागेल. तिला २०१६ च्या दाबपात्र नियमांखाली परवाना लागतो आणि तो देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. टाकीची ऑर्डर देण्याआधी जागेचा नकाशा आणि सुरक्षित अंतरं तपासून घ्या. आधी टाकी आणि मग परवाना हा क्रम महागात पडतो.

पायरी ४: जिवाची काळजी

हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो. तो खाली बसतो, खड्ड्यात आणि तळघरात साठतो. आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा हवेच्या ०.५ टक्के. ४ टक्क्यांना जिवाला धोका. आणि हा धोका फक्त ऑक्सिजन कमी पडल्याचा नसतो, वायू स्वतःच विषारी ठरतो. त्यामुळे ऑक्सिजन मीटरवर विसंबू नका, सीओटूचाच इन्फ्रारेड सेन्सर घ्या आणि तो गुडघ्याच्या खाली लावा. ३० किलोच्या सिलिंडरमधून साधारण १७ घनमीटर वायू निघतो. ३ मीटर × ४ मीटरच्या आणि ३ मीटर उंच खोलीत तो गळला तर जवळजवळ अर्धी खोली भरली. म्हणून हे काम शेडमध्ये, दोन बाजू उघड्या ठेवून करायचं. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला.

पेटीत डोकं घालायचं नाही. काडी पेटवून वायू आहे-नाही बघण्याची जुनी सवय इथे उपयोगाची नाही, कारण माणसाला धोका होण्याइतक्या वायूत काडी मजेत जळते. कोणी भोवळ येऊन पडलंच तर मागोमाग आत शिरू नका, आधी वायू बंद करा आणि पंखे लावा. अशा अपघातांत दुसरा बळी हा वाचवायला गेलेला माणूस असतो. पाळीवरच्या प्रत्येकाला, हमालांनासुद्धा, हे मराठीत आणि हिंदीत सांगून ठेवा.

पायरी ५: पेटी

२४ ठोकळ्यांसाठी आतून १ × १ × १.२ मीटरची पेटी पुरते. ३ मिमीचा लोखंडी पत्रा, कोनी पट्ट्यांचा सांगाडा, दाराला रबर गॅस्केट आणि चारही बाजूंनी आवळायचे क्लँप. आतून इपॉक्सी रंग, कारण आत घामेजलेली हवा असते आणि साधा रंग महिन्यात सुटतो. तळाला उतार देऊन पाण्याचा नळ. वायूचा शिरकाव तळाशी, बाहेर जायचा पाइप वरून आणि थेट शेडच्या बाहेर सोडलेला. आत एक लहान पंखा, तापमान आणि आर्द्रतेचा मीटर. ठोकळे जाळीच्या रॅकवर, प्रत्येकाभोवती किमान बोटभर जागा. एकावर एक रचले तर चिकटलेल्या बाजू कोऱ्या राहतात.

दाब वाढवण्याचा मोह होईल, कारण प्रयोगशाळेतले प्रयोग पुष्कळदा दाबाखाली केलेले असतात. फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेल्या पेटीत ते करू नका. पाण्याच्या यू-नळीत १० सेंटीमीटर फरक दिसतो तेव्हा एक चौरस मीटरच्या दारावर १०० किलोचा भार असतो. एक बार दाब दिला तर तोच भार १० टन होतो! पेटीत फक्त बाहेरची हवा आत येणार नाही इतपत, म्हणजे २-३ सेंटीमीटर पाण्याइतका दाब ठेवा. यू-नळी हाच तुमचा सेफ्टी व्हॉल्व्हही आहे. दाब वाढला की पाणी उडून जातं. त्यासाठी ती फार लांब ठेवू नका.

पायरी ६: मिश्रण आणि साचा

मिश्रणात आधी काही बदलू नका, म्हणजे तुलना खरी राहील. कोरडसर, झिरो स्लंप, म्हणजे साचा काढल्यावर न ढासळणारा मालच हवा. मुठीत दाबला की लाडू वळावा, हाताला पाणी सुटू नये. जास्त ओला झाला तर छिद्रं पाण्याने बुजतात आणि वायू आत शिरत नाही. कच आणि क्रश सँडमध्ये धूळ फार असेल तरीही तेच होतं.

एकाच घाण्यातून ४८ ठोकळे काढा. २४ पेटीत, २४ नेहमीसारखे गोणपाटाखाली पाण्यावर. ब्लॉकसाठीच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस २१८५ भाग १) ताकदीच्या चाचणीला आठ ठोकळे लागतात, म्हणजे १, ७ आणि २८ दिवसांसाठी दोन्हीकडे बरोबर पुरतात. सगळ्यांवर रंगाने नंबर टाका.

पायरी ७: सुकवणी

यश-अपयश इथे ठरतं.

वायूला आत जायला मोकळी छिद्रं लागतात आणि चुन्याशी संयोग व्हायला थोडं पाणीही लागतं. ठोकळा ओलाच पेटीत ठेवला तर वरचा दोन मिलिमीटरचा पापुद्रा कडक होतो, आत काही होत नाही. कडकडीत वाळवला तर वायू आरपार फिरतो पण धरत नाही, शिवाय सिमेंट जमायलाही पाणी उरत नाही. मिश्रणातलं सुमारे एक तृतीयांश पाणी उडालं की सुरुवात करायची, हा पहिल्या चाचणीसाठी ठीक अंदाज आहे. नंतर थोडं अलीकडे, थोडं पलीकडे जाऊन स्वतःचा आकडा शोधा.

हे डोळ्यांनी ठरवू नका, काट्यावर ठरवा. आपल्या ठोकळ्यात ६ टक्के पाणी धरलं तर दीड किलो होतं आणि त्याचा तिसरा हिस्सा ५०० ग्रॅम. साच्यातून निघाल्याबरोबर तीन ठोकळे फळीसकट तोला, फळीचं वजन वेगळं लिहा आणि दर तासाला पुन्हा तोला. काटा २० ग्रॅमपर्यंत अचूक हवा, गोणी तोलायचा काटा चालणार नाही. २५.०० चे २४.५० किलो झाले की ठोकळा तयार. रंगही बदलतो, गडद करड्याचा फिका करडा होतो. पण कडा आधी फिक्या पडतात आणि माणूस फसतो.

वेळ किती लागेल हे ऋतूवर. विदर्भात मे महिन्यात सावलीत ठेवूनही हे दोन-तीन तासांत होईल, आणि तिथे उलट घाई होऊन चिरा पडण्याची भीती असते, म्हणून वारा अडवा. कोकणात जुलैत, हवेत ९० टक्के दमट असताना, दिवसभर ठेवूनही काटा जेमतेम हलेल. तिथे पंखा आणि थोडी उष्णता द्यावीच लागते. हीटर लावलात तर त्याचे युनिट वहीत लिहा, हिशेबात ते मोजायचे आहेत.

पायरी ८: वायू सोडणं

ठोकळे आत, दार बंद, वरचा पाइप उघडा. वायू खालून हळू सोडा म्हणजे तो हवेला वर ढकलत जाईल. जोरात सोडला तर दोन्ही मिसळतात आणि दुप्पट वायू वाया जातो. वरच्या पाइपाशी धरलेल्या शंभर टक्क्यांपर्यंत मोजणाऱ्या मीटरवर ८०-९० टक्के दिसले की पाइप बंद करा आणि रेग्युलेटर अगदी बारीक ठेवा. ठोकळे जसा वायू पितील तसा नवा येत राहील. रेग्युलेटर हीटरवाला घ्या, मिग वेल्डिंगवाले वापरतात तो. साधा रेग्युलेटर थोड्या वेळात गोठून बर्फाने पांढरा होतो आणि वायू अडतो.

सिलिंडर पहिल्यापासून शेवटपर्यंत वजनकाट्यावरच उभा ठेवा. पहिल्या तासात काटा भरभर उतरतो, मग मंद होतो. पेटी बाहेरून कोमट लागते, कारण ही क्रिया उष्णता सोडते. आतल्या भिंतींवर पाण्याचे थेंब जमतात. आर्द्रता ५० ते ७० टक्के असेल तेव्हा काम सर्वांत चांगलं चालतं. मीटर ९० च्या वर चिकटून राहिला तर पंखा चालू ठेवा आणि पुढच्या वेळी सुकवणी वाढवा. चार तासांनंतर काटा जवळजवळ थांबला असेल तर उगाच रात्रभर ठेवण्यात अर्थ नाही. तो उतरतच असेल तर बारा तासही द्या.

काढताना आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, मग वरचा पाइप उघडा, मग ब्लोअरने बाहेरची हवा आत. सेन्सरने ०.५ टक्क्यांच्या खाली दाखवल्यावरच दार उघडायचं. अर्धा तास जातो, जाऊ द्या.

पायरी ९: पाणी परत द्या

इथे बरेच प्रयोग फसतात. ठोकळा पेटीतून टणक निघतो, म्हणून लोक त्याला थेट थप्पीला लावतात. आतलं बरंचसं सिमेंट मात्र अजून जमायचं असतं आणि त्याचं पाणी आपण उडवलेलं असतं. काढल्याबरोबर झारीने इतकं पाणी मारा की उडालेलं वजन भरून यावं, मग दोन-तीन दिवस ताडपत्रीखाली ओलावा टिकवा. नेहमीच्या आठ-दहा दिवसांच्या पाण्यापेक्षा हे कमीच आहे. उन्हाळ्यात टँकरवर कारखाना चालवणाऱ्याला हा फायदा कार्बनपेक्षा आधी दिसेल.

पायरी १०: किती जिरलं ते मोजा

पहिली पद्धत वजनाची. समजा पेटीत जाताना २४ ठोकळे मिळून ५८८.० किलो होते आणि बाहेर आल्यावर ५९२.४ भरले. वाढले ४.४. पण त्याच वेळात ठोकळ्यांतून पाणीही निघालं. नळातून आलेलं आणि भिंतीवरून कापडाने टिपलेलं पाणी दीड किलो भरलं. म्हणजे वायू जिरला ५.९ किलो. एकूण सिमेंट ६० किलो, तेव्हा प्रमाण ९.८ टक्के. पहिल्या फेरीला उत्तमच म्हणायचं.

दुसरी पद्धत सिलिंडरची आणि ती पहिलीला पडताळा देते. सिलिंडर ९ किलोने हलका झाला. पेटीतली मोकळी जागा सुमारे ०.९ घनमीटर, तिथे शेवटी १.६ किलो वायू उरला. हवा हुसकावताना दीड किलो गेला. उरले ५.९. दोन्ही आकडे जवळ आले नाहीत तर बहुधा गॅस्केट गळतंय. तसंच लहान पेटीत तिसरा हिस्सा वायू वाया जातो हेही दिसलं. मोठी, गच्च भरलेली पेटी हे नुकसान कमी करते.

तिसरी पद्धत रंगाची. ठोकळा फोडून ताज्या तुकड्यावर फिनॉल्फ्थॅलीनचा १ टक्का द्राव फवारा. गुलाबी झालं तिथे क्षारता शाबूत आहे, बिनरंगी राहिलं तिथे वायू पुरेपूर पोचला. मधला भाग गुलाबी राहिला म्हणून नाउमेद होऊ नका. वायू तिथेही काही प्रमाणात जिरलेला असतो, फक्त सामू अजून उतरलेला नसतो. या चाचणीतून आकडा मिळत नाही, वायू किती खोल गेला एवढंच कळतं.

ग्राहकाला किंवा वास्तुविशारदाला आकडा लेखी द्यायचा असेल तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून भट्टीची चाचणी करून घ्या. पूड ५५० अंशांवरून ९५० पर्यंत तापवताना जे वजन घटतं तो मुख्यतः चुनखडीतला वायू. इथे आपल्याला निसर्गाची साथ आहे. चुनखडीची खडी वापरणाऱ्या देशांत या चाचणीचा गोंधळ होतो, आपली खडी बहुतेक काळ्या पाषाणाची, बेसॉल्टची. तरी बेसॉल्टच्या पोकळ्यांत कधी कधी कॅल्साइट भरलेलं असतं, म्हणून नुसत्या खडीची आणि पाण्यावर ठेवलेल्या ठोकळ्याची पूडही त्याच भट्टीत तापवून तो आकडा वजा करा. मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडणं आणि वापरणं या विषयाचं राष्ट्रीय केंद्र २०२२ पासून आहे. प्रकल्प मोठा करायचा विचार असेल तर तिथे विचारणा करावी.

पायरी ११: ताकद पाहून सिमेंट उतरवा

एका दिवसाच्या ताकदीत पेटीतला ठोकळा सहज पुढे असतो. आपला निर्णय २८ दिवसांच्या आकड्यावर. तो पाण्यावरच्या ठोकळ्यापेक्षा स्पष्ट जास्त असेल तर पुढच्या घाण्यात सिमेंट ३ टक्क्यांनी कमी करा, पुन्हा ४८ ठोकळे, पुन्हा २८ दिवस. मग आणखी ३. एका झटक्यात १० टक्के उतरवू नका. ताकदीबरोबर पाणी शोषण्याची आणि सुकताना आकसण्याची चाचणीही घ्या. कार्बोनेट झालेला ठोकळा नंतर कमी आकसतो, त्यामुळे भिंतीला केसासारख्या चिरा कमी पडतात. पेव्हरवाल्यांना आणखी एक लाभ आहे. पृष्ठभागाजवळचा सुटा चुना संपल्यामुळे पहिल्या पावसानंतर रंगीत गट्टूंवर उमटणारे पांढरे डाग कमी होतात. त्या डागांवरून होणारे वाद ज्यांनी सोसलेत त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पायरी १२: वही उघडा

हजार ठोकळ्यांचा हिशेब मांडू. सिमेंट २५०० किलो, त्याचं उत्सर्जन सुमारे २००० किलो. जिरलेला वायू २५० किलो. आता वजाबाकी. गळतीसकट ३२० किलो वायू मागवला. तो द्रवरूप करायला किलोमागे ०.२ युनिट धरले तर ६४ युनिट, आपल्या ग्रिडची वीज युनिटला ०.७ किलोच्या आसपास धरून ४५ किलो. जाऊन-येऊन १५० किलोमीटरचा टेम्पो, लिटरला दहाची सरासरी, १५ लिटर डिझेल, ४० किलो. पंखे-ब्लोअरचे २० युनिट, १४ किलो. खर्च झाला ९९, हाती राहिले १५१ किलो. म्हणजे मूळ २००० च्या साडेसात टक्के.

आता सिमेंट ८ टक्के कमी केलं तर आणखी १६० वाचतात, फायदा दुपटीपार. उलट सुकवणी बिघडली, ताकद घटली आणि ती भरून काढायला ८ टक्के सिमेंट जास्त टाकलं, तर १६० वाढले आणि १५१ ची कमाई बुडाली. हे नुसतं कागदावरचं भय नाही. २०२१ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा प्रयोगांचे प्रसिद्ध झालेले ९९ संच तपासले, तेव्हा निम्म्याहून जास्त संचांत सीओटू वापरलेल्या काँक्रीटचा एकूण कार्बन साध्या काँक्रीटपेक्षा जास्त निघाला. कारणं हीच: क्युरिंगला लागलेली वीज आणि न वाढलेली ताकद.

वही लिहिताना आणखी एक प्रामाणिकपणा हवा. साधा ठोकळाही पुढच्या काही दशकांत हवेतून थोडा वायू घेणारच असतो. त्यामुळे आपले २५० किलो सगळेच्या सगळे 'जादा' नाहीत. म्हणून पत्रकात 'कार्बनमुक्त ब्लॉक' असं छापू नका. ठोकळ्यामागे सिमेंट किती, वायू किती ग्रॅम, तो कुठून आला आणि २८ दिवसांची ताकद किती, हे चार आकडे छापा.

ज्यांच्याकडे ब्लॉक नाहीत त्यांच्यासाठी

रेडीमिक्सवाल्यांसाठी रस्ता वेगळा. तिथे वायू द्रवरूपात येतो, मिक्सरमध्ये सुटताच त्याचा बर्फ आणि वायू होतो आणि सिमेंटच्या कणांवर चुनखडीचे अतिसूक्ष्म कण बसतात. मात्रा संगणकावर घाण्यागणिक ठरते. हे घरी जुळवण्याचं काम नाही, यंत्रणा परवान्यावर घ्यावी लागते.

तिसरा रस्ता राडारोड्याचा आणि मला तो आपल्या शहरांसाठी जास्त जवळचा वाटतो. पुनर्विकासात पडणाऱ्या इमारतींचं काँक्रीट चुरलं की दाण्यांवर जुन्या सिमेंटचा थर राहतो आणि त्यात चुना शिल्लक असतो. स्वित्झर्लंडची न्यूस्टार्क कंपनी असा चुरा बंद पात्रात भरून बायोगॅस प्रकल्पातून पकडलेला वायू त्याला पाजते. टनाला साधारण १० किलो वायू बसतो. दाणा जितका बारीक तितका जास्त, आणि ओलावा इथेही बेताचाच लागतो. तयार खडी वापरायला आपल्याकडे आडकाठी नाही: आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत काँक्रीटपासून केलेली जाड खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, एम २५ या ताकदीच्या श्रेणीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के आणि एम १५ खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालते. क्रशर आणि ब्लॉकचा कारखाना एकाच आवारात असेल तर वर सांगितलेली पेटी दोन्हीला वापरता येईल. फक्त चुऱ्यासाठी रॅकऐवजी जाळीचे उथळ ट्रे लागतील आणि थर चार बोटांपेक्षा जाड ठेवायचा नाही.